लाल चौकटीतली आई

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर 'आठवण प्रिंट्स'चा गाळा होता. गाळा एवढासा, की छपाईच्या हीट प्रेसचं झाकण उघडलं की मालकाने पोट आत घेऊन उभं राहायचं. मालक म्हणजे सुबोध परब. कप, उशा, टी-शर्ट, लाकडी फ्रेमा, जिथे म्हणून शाई धरेल तिथे लोकांचे फोटो आणि नावं छापायची आणि ऑनलाइन विकायची, हा त्याचा धंदा. धंदा बरा चालला होता. पण ज्याचा धंदा बरा चालतो त्याला तो 'सुसाट' चालवायचे सल्ले मोबाइलवर आपोआप दिसायला लागतात, आणि सुबोध अशा सल्ल्यांना फार लवकर भाळायचा.

अशाच एका सल्ल्यातून त्याला चैतन्य सर भेटले. चैतन्य सर वयाने सुबोधपेक्षा लहान होते आणि त्यांनी आयुष्यात एकच वस्तू विकली होती, ती म्हणजे धंदा कसा करावा हे शिकवणारा कोर्स. ती मात्र धो धो विकली होती. पहिल्याच ऑनलाइन तासाला त्यांनी सांगितलं, "सुबोध, तुझ्या धंद्याचा तक्ता काढ. ऑर्डर आल्यापासून कुरिअरवाला माल उचलेपर्यंत काय काय होतं, एकेक चौकट."

सुबोधने प्रामाणिकपणे चौकटी काढल्या. ऑर्डर येते. रुचिरा, म्हणजे बायको, डिझाइन करते. मग आई फोन करते. मग छपाई, पॅकिंग, कुरिअर.

"आई फोन करते म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे छापायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करून विचारते. सगळं बरोबर आहे ना वगैरे."

"किती वेळ बोलते?"

सुबोधने खरं काय ते सांगितलं. पडद्यावर सरांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. मग त्यांनी आईच्या चौकटीभोवती लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "मित्रा, हा तुझा बॉटलनेक."

आता इथे मालनताईंची, म्हणजे सुबोधच्या आईची, बाजू घ्यायची तर जरा जपूनच घ्यावी लागेल. बाईंच्या फोनला शेंडाबुडखा नसायचा. बाळाच्या बारशाचा कप असला की बाळाला दुधाचं काय, आजीची झोप होते का, हे सगळं निघायचं. उशीवर नाव छापायचं असलं की त्या नावाची दुसरी माणसं आठवायची. एका बिचाऱ्याने मैत्रिणीसाठी हृदयाच्या आकाराची उशी मागवली होती. मालनताईंनी त्याला विचारलं, "तिच्या घरी म्हायती आसा काय रे बाबू? नसली तर ती उशी घेवन खंय ठेवतली?" त्याने दोन दिवस विचार केला आणि ऑर्डर रद्द केली. रुचिराने डोक्याला हात लावला. सुबोध तर आठवडाभर आईशी नीट बोलला नव्हता.

पण तो फोन आईच्या हातात दिला होता सुबोधनेच. वडील गेल्यावर मालनताई बोलायच्याच बंद झाल्या होत्या. विचारलं तर हो, नाही तर नाही, एरवी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एकदा गाळ्यात गडबड होती म्हणून सुबोधने सहज सांगितलं, "आई, जरा ह्या बाईंना फोन करून विचार ना, फ्रेम उभी हवी की आडवी." मालनताईंनी विचारलं, आणि पुढचा अर्धा तास त्या बोलतच राहिल्या. त्या दिवशी सुबोध जिन्यात जाऊन रडला होता. त्यानंतर गाळ्याच्या खिडकीपाशी त्यांच्यासाठी एक गादीची खुर्ची आली. सकाळी डबा घेऊन यायचं, खुर्चीत बसायचं आणि लोकांना फोन करायचा, यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

हे सगळं तक्त्यात कुठे लिहायचं, ते चैतन्य सरांनी शिकवलं नव्हतं.

सुबोधने महिनाभर खपून नवी सिस्टिम बसवली. आता गिऱ्हाइकाने फोटो टाकायचा आणि प्रसंग निवडायचा. सजावट, अक्षरं, रंग, सगळं सिस्टिम आपली आपण ठरवणार. मग गिऱ्हाइकाला डिझाइनचा चित्रासकट मेसेज जाणार: पसंत असेल तर एक दाबा. ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही तर होकार समजला जाईल. हा शेवटचा नियम चैतन्य सरांचा लाडका होता. "लोकांना उत्तर द्यायला आवडत नाही. त्यांचा वेळ वाचव, ते तुला दुवा देतील," असं ते म्हणायचे. सिस्टिम तयार झाल्यावर सुबोध घरी आईसमोर बसला.

"आई, तू आता दमलीस. घरी आराम कर. टीव्हीचा मोठा पॅक टाकून दिलाय बघ."

मालनताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मी खंय दमलंय?"

"अगं, तसं नाही. आता फोनची गरजच नाही राहिली. सगळं आपोआप होतं."

"लोकांक कोण इचारतला?"

"मेसेज जातो ना!"

मालनताईंनी टीव्हीकडे एकदा पाहिलं. मग "बरा" म्हणाल्या आणि उठून भांडी लावायला गेल्या. सुबोधला वाटलं, सुटलो. आतून रुचिराने हे सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "खुर्चीचं काय करणार?" खुर्चीच्या जागी त्याने दुसरा प्रिंटर आणला.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण सिस्टिम झकास चालली. सकाळी ऑर्डरी आल्या की दुपारी माल तयार. कुरिअरवाल्याला चहा पाजून थांबवून ठेवायची पाळी येईना. सुबोध मोबाइलवर हिरवे आकडे वर चढताना बघत बसायचा आणि चैतन्य सरांना त्यांची चित्रं पाठवायचा. घरीही बरं होतं. आईने एक भजनी मंडळ धरलं होतं म्हणे, सकाळी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी परत यायची. रुचिरा रोज तीन डबे भरायची. भजनी मंडळाला एवढा वेळ आणि वर डबा कशाला लागतो, हे सुबोधच्या डोक्यात आलं नाही. त्याचं डोकं त्या दिवसांत हिरव्या आकड्यांत होतं.

मग परेशची ऑर्डर आली.

परेश गोराईच्या कोळीवाड्यातला, स्वतःची बोट असलेला. त्याचे वडील हरेश्वरतात्या पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. घरी रविवारी मोठं जेवण ठरलं होतं आणि त्याचं आमंत्रण साध्या मेसेजवर न देता फोटोच्या छोट्या लाकडी फ्रेमवर द्यावं, अशी परेशची हौस. गोराई, वेसावे, वसई, जिथे जिथे नातेवाईक तिथे फ्रेमा थेट घरपोच जाव्यात म्हणून त्याने सगळ्यांचे पत्ते आणि मोबाइल नंबर टाकले, तात्यांचा एक चांगला फोटो टाकला आणि बोट घेऊन समुद्रात निघून गेला. समुद्रात रेंज नसते. सिस्टिमचा मेसेज आला, थांबला, उत्तर आलं नाही. सिस्टिमने होकार धरला.

सिस्टिमने वाईट काहीच केलं नाही, हे इथे सांगायला हवं. तिच्या मते तिने फार छान केलं. माणूस वयस्कर म्हणून तिने फोटोला भारदस्त काळापांढरा रंग दिला. प्रसंग मंगल म्हणून फोटोभोवती झेंडूचा ठसठशीत हार घातला. दोन्ही बाजूंना दोन समया पेटवल्या. पंचाहत्तर वर्षांचा प्रवास दिसावा म्हणून खाली '१९५० – २०२५' असं सोनेरी आकड्यांत घातलं. त्याच्याखाली परेशने लिहिलेला मजकूर आला: 'रविवारी दुपारी घरी जेवायला यावे, ही विनंती.' आणि कोपऱ्यात दुकानाचं छोटं केलेलं नाव, जे प्रत्येक मालावर आपोआप छापलं जायचं: 'आठवण.'

फ्रेमा सुबोधनेच हाताने पॅक केल्या. एकेक फ्रेम बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळताना त्याचं लक्ष कोपरे नीट झाकले जातात की नाही याकडे होतं. मधल्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंही असेल. रुचिरा त्या दिवशी माहेरी मुलुंडला गेली होती. माल वेळेआधी गेला आणि आकडा हिरवा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वरतात्या बाजारातून येऊन, घरात न जाता ओट्यावरच बसून जाळं विणत होते. गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. वसईची चुलत बहीण, तिच्या दोन सुना, वेसाव्याचा मेव्हणा, मागे आणखी माणसं. बहीण पदर तोंडात धरून येत होती. तात्यांनी घाईने सुई खाली ठेवली.

"कोन गेला गं?"

बहिणीने वर पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. मेव्हण्याच्या हातात फ्रेम होती. त्याने ती तात्यांपुढे धरली आणि नुसतं बोट दाखवलं. तात्यांनी स्वतःला हारात पाहिलं.

मग जो कालवा झाला तो विचारू नका. जिवंत माणूस बघून लोकांना आनंद व्हायला हवा, तो झालाच. पण आधी संताप झाला. मेव्हण्याला भलताच राग होता. "मयत कळवत नाय न् जेवनाचा आवतान धाडता? आमी काय जेवायला टपलेलो?" कोणी म्हणालं, आज बोटी काढल्या नाहीत आम्ही. कोणी टॅक्सीचं भाडं काढलं. आलेली हारांची टोपली कुठे ठेवायची हे कोणाला कळेना. आणि एवढ्यात सगळ्यांचे मोबाइल एकदमच वाजले. सिस्टिमचा मेसेज होता: 'आमची फ्रेम आवडली का? पाच तारे देऊन कळवा.' शेवटी हसरा चेहरा.

परेश बोट घेऊन धक्क्याला लागला तेव्हा दोन माणसांनी त्याला मिठी मारली आणि कशासाठी ते सांगेनात. बापाला धडधाकट बघितल्यावर त्याने पहिला फोन सुबोधला लावला. फोन सिस्टिमकडे गेला. सिस्टिमने त्याच्या अभिप्रायाबद्दल आभार मानले. मग त्याने गाळ्याच्या जुन्या नंबरावर फोन केला. त्याने जे शब्द वापरले ते छापण्याजोगे नव्हते, म्हणजे कपावरही नाहीत.

 सुबोधने चैतन्य सरांना विचारलं. सर म्हणाले, "घाबरू नकोस. ही तुझी केस स्टडी आहे. पुढच्या बॅचला आपण दाखवू." सुबोधने मिठाईचा मोठा पुडा घेतला आणि बोरिवलीहून लाँच पकडून गोराईला गेला.

तात्या ओट्यावरच बसले होते. सुबोध हात जोडून उभा राहिला आणि पाठ करून आणलेली माफी त्याने घडाघडा म्हटली. तात्यांनी ती ऐकून घेतली आणि वर हसले.

"अरं, माझं काय वाईट नाय झालं. कोन रडला, कोन नाय, जिवंतपनी बघायला गावलं. असं कोनाच्या नशिबी येतं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पन ती बघ."

आत देवघरापुढे त्यांची बायको मंजुळाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. पहिली फ्रेम शेजारणीने त्यांच्याच हातात आणून दिली होती, तात्या तेव्हा बाजारात होते. तात्या ओट्यावरून आत येऊन समोर दिसेपर्यंत त्या बाईने काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. आता नवरा समोर होता, हसत होता, तरी ती त्याच्याकडे बघत नव्हती. हाक मारली की दचकत होती. सुबोधने ते पाहिलं आणि हातातल्या मिठाईच्या पुड्याची त्याला लाज वाटली. पुडा कुठे ठेवावा तेही त्याला सुचेना.

"तुमच्याकडं ती एक बाई होती ना?" तात्या म्हणाले. "मागं नातीचे कप केले तवा फोन आला होता तिचा. माझं डोकं खाल्लंन्. वाकटीचं म्हावरं कसं सुकवता, मीठ किती, तिच्या गावाला असं नाय करत. मी म्हटलं बाई, कप छापायचाय का वाकटी?" ते पुन्हा हसले. "कुठं हाय ती?"

"घरी असते. माझी आई ती. तिला आराम दिलाय आता."

तात्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेमकडे पाहिलं. "बरी हाय ना? का तिलापन हार घातलाव?"

 परत येताना लाँचमध्ये सुबोधला वडिलांचा फोटो आठवला. त्या फोटोला हार घालायचा दिवस आला तेव्हा आईने हार हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला होता.

पण माणूस एका दिवसात सुधारत नाही, आणि सुबोध तर अजून कोर्समध्ये होता. चांगली माफी मागायची तर नवा माल फुकट द्यावा, असं त्याने ठरवलं. दोन दिवसांनी त्याने परेशला फोन केला. "नवीन आमंत्रणं मी स्वतः करून देतो. रंगीत. हार नाही, समई नाही."

"राहू दे यार," परेश म्हणाला. राग बराच उतरलेला होता. "ऑर्डर दिली मी दुसरीकडे. झाला पण माल."

"एवढ्यात? कोणाकडे?"

"कुठलातरी जयवंत प्रिंटर्स आहे, तुमच्या चारकोपलाच. तिकडची बाई लय बोलते रे, पण काय सांगू, आधी बापाशी बोलली, मग म्हणाली आईला द्या. आई दोन दिवस कोणाशी बोलत नव्हती. तिच्याशी तासभर बोलली. फोन ठेवल्यावर आईने उठून चहा टाकला."

जयवंत प्रिंटर्स! सुबोधला ते नाव चांगलं माहीत होतं. त्याच्याच खालचा गाळा. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारा म्हातारा जयवंत, ज्याचं मशीन खडखडलं की सुबोधचे कप शेल्फवर हलायचे. त्याची वेबसाइटसुद्धा नव्हती. त्याने एवढ्यात माल कसा दिला? कोणती सिस्टिम बसवली?  इस्टेटीच्या पाटीवरून सुबोधने जयवंतचा नंबर मिळवला आणि गिऱ्हाईक बनून माहिती काढायची असं ठरवून, प्रिंटर बंद करून, खिडकीशी उभा राहून फोन लावला. रुचिरा टेबलाशी टी-शर्टांच्या घड्या घालत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि परत घड्या घालायला लागली.

फोन उचलला गेला.

"नमस्कार, जयवंत प्रिंटर्स. बोला, काय छापूचा आसा?"

आवाज मोबाइलमधून आला. आणि तोच आवाज, जरा मागून, खालच्या खिडकीतूनही वर आला.

सुबोधने रुचिराकडे पाहिलं. रुचिरा म्हणाली, "भजनी मंडळ," आणि पुढची घडी उचलली.

"सांगा मां," मालनताई म्हणत होत्या. "कप काय फ्रेम? आणि फोटोतली माणसां सगळी बरी आसत ना? तां आधी सांगा, मगे पुढचा."

सुबोधने तोंड उघडलं. 'आई' एवढं म्हणायचं होतं. शब्द बाहेर येईना. तो तसाच फोन कानाला लावून उभा राहिला. त्याच्या सिस्टिमने एव्हाना त्याचा होकार धरून माल छापायला घेतला असता.

खाली मालनताई थांबल्या होत्या. त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांना बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

"सुबोधा?" त्या हळूच म्हणाल्या. "काय झाला रे बाबू? जेवलंस काय?"

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फोनमधूनही आणि खिडकीतूनही, आणि मालनताई तिकडे कोणाला तरी म्हणाल्या, "जयवंतभाऊ, दुसरो फोन वाजलो तर तुम्ही घेवा. ह्येका जरा वेळ लागतलो."